साठ दिवसांची सुट्टी संपल्यावर: फौजेतून घरी आलेल्या माणसाचं पहिलं वर्ष

आमचे हे पेन्शनवर घरी आले त्याला एकसष्ट दिवस झाले होते. सासूबाईंनी भाकरी थापता थापता सहज विचारलं, "मग, गाडी कधीची रं?" चोवीस वर्षं त्या हेच विचारत आल्या होत्या. फौजीची वार्षिक सुट्टी साठ दिवसांची. ती संपत आली की ट्रंक भरायची, लाडवाचे डबे बांधायचे आणि मिरजेला जाऊन गोवा एक्सप्रेसमध्ये बसवून यायचं. आम्ही सगळे हसलो. हे हसले नाहीत. त्या रात्री गच्चीवर जाऊन बसले ते पहाटे धारेच्या वेळेला खाली उतरले.

हा लेख त्या एकसष्टाव्या दिवसापासून पुढचा आहे. पहिले दोन महिने बहुतेकांचे बरे जातात, कारण घराच्या हिशेबाने ती सुट्टीच असते. पाहुणे येतात, जोतिबाला जाणं होतं, तांबडा-पांढरा होतो. खरी बदली त्यानंतर सुरू होते, आणि नेमकं तेव्हाच सगळे म्हणू लागतात, "आता काय मेजर, पेन्शन आहे, बसून खा." चाळिशीतला माणूस बसून किती खाईल?

मी डॉक्टर नाही. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या एका गावात राहते, नवरा हवालदार म्हणून निवृत्त झाला. (गावात सगळे 'मेजर'च म्हणतात. शिपाई असो की सुभेदार, आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर.) आमचं पहिलं वर्ष फार वाईट गेलं. नंतर आजूबाजूच्या गावांतल्या बायका, आया, एकदोन वडील माझ्याकडे विचारायला येऊ लागले आणि मी तेच तेच सांगू लागले, म्हणून हे लिहून काढलं. ह्यांनी वाचलंय. दोन वाक्यं काढायला लावली, एक घालायला लावलं.

अजून वर्दीत असेल तर

निवृत्तीला वर्षभर असेल तर तीन गोष्टी आत्ताच करा.

पहिली म्हणजे सुटण्याआधीची वैद्यकीय तपासणी. तिथे खरं सांगायचं. आपले जवान शेवटच्या तपासणीत सगळं लपवतात. 'शेप-वन' म्हणजे पूर्ण तंदुरुस्त होऊन बाहेर पडलो यातच अभिमान असतो. कान वाजतात, झोप तुटते, स्फोटानंतर डोकं जड राहतं, हे कागदावर आलंच नाही तर पुढे उपचारालाही आणि अपंगत्व पेन्शनच्या दाव्यालाही आधार उरत नाही. ह्यांनी कानाचं सांगितलं, झोपेचं सांगितलं नाही. का, तर "बाकीची पोरं काय म्हणतील." सेवेतल्या प्रत्येक इस्पितळाच्या कागदाची झेरॉक्स जवळ ठेवा. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाबरोबर ती एकाच फाइलमध्ये असू द्या, आणि ती फाइल कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला माहीत हवं.

दुसरी गोष्ट कामाची. पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स सेवेच्या शेवटच्या काळात करता येतात. बरेच जण 'सुट्टी मिळते' एवढ्यासाठी मिळेल तो कोर्स घेतात. घरी येऊन खरंच करणार असाल तोच घ्या.

तिसरी गोष्ट पैशाची. मनाच्या लेखात पैसा कशाला, असं वाटेल. आमच्या घरात पहिलं भांडण पैशावरूनच झालं. पेन्शनच्या जास्तीत जास्त निम्म्या भागाची विक्री करून एकरकमी पैसे घेता येतात, पण तेवढी पेन्शन पंधरा वर्षं कापली जाते. म्हणजे घर ज्या आकड्यावर हिशेब धरून बसलंय त्याच्या जवळपास निम्माच आकडा दरमहा येऊ शकतो. हे बायकोला आणि आईवडिलांना आधी सांगा. एकरकमी आलेल्या पैशाचा वास पाहुण्यांना लवकर लागतो. कुणी प्लॉट घेऊन येतो, कुणी दामदुपटीची योजना. आमच्या एका पाहुण्यानेच आम्हाला साडेतीन लाखाला बुडवलं. त्यानंतर ह्यांनी सहा महिने कोणत्याही लग्नकार्याला यायचं नाव काढलं नाही. पहिलं वर्षभर पैसे बँकेच्या मुदत ठेवीत टाका आणि विचारणाऱ्याला 'लॉक आहेत' म्हणा.

घराचा चार्ज

फौजेत एक पद्धत आहे. एक जण पोस्ट सोडतो, दुसरा येतो, तेव्हा चार्ज दिला-घेतला जातो. कोठारात किती वस्तू, कोणती चालू, कोणती नादुरुस्त, सगळं मोजून सही. घरी येणाऱ्या माणसाला मात्र असा चार्ज कुणी देत नाही. तो येतो आणि बघतो की सगळं आधीच चालू आहे. वीजबिल बायको भरते, सोसायटीचं कर्ज भावाच्या नावावर आहे, पोरगी अकरावीला कुठल्या शाखेला गेली हे त्याला व्हॉट्सअॅपवर कळलेलं असतं. मग एक तर तो कोपऱ्यात बसतो किंवा उठून सगळ्यांना हुकूम सोडायला लागतो. आमच्याकडे दोन्ही झालं. सकाळी हुकूम, रात्री कोपरा.

आम्ही नंतर जे केलं ते आधीच करायला हवं होतं. एका रविवारी वही घेऊन दोघं बसलो आणि घरातली सगळी कामं लिहिली. गॅसचं बुकिंग, सासऱ्यांची शुगर तपासणं, मुलाची फी, म्हशींचा खुराक, पाळीचं पाणी, दूध संस्थेचं बिल, लग्नाच्या आहेराची नोंद. चव्वेचाळीस कामं निघाली. ह्यांना माहीत होती त्यातली अकरा. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. राग नव्हता त्यावर. मग ठरवलं, दर महिन्याला एक काम त्यांच्याकडे. पूर्ण द्यायचं, मध्ये नाक खुपसायचं नाही, चुकलं तरी. पहिलं काम म्हशींचं.

बायकांना इथे एक सांगते, कारण हे मला जमत नव्हतं. वीस वर्षं आपण एकटीने घर ओढलेलं असतं. त्यातलं काही सोडताना आपलाही जीव कासावीस होतो. माझा बँकेतला सहीचा अधिकार मी सोडला नाही आणि सोडूही नये. पण "तुम्हाला काय कळतंय इथलं" हे वाक्य मी बंद केलं. आणि फौजींना सांगायचं तर, बारा-पंधरा वर्षांचं पोर तुम्हाला सुट्टीतला माणूस म्हणून ओळखतं. सुट्टीतला बाप खाऊ आणतो, रागावत नाही. तोच बाप एकदम सकाळी पाचला 'उठ' म्हणून पांघरूण ओढायला लागला तर पोर आईच्या मागे लपणारच. पहिले सहा महिने शिस्तीची सूत्रं आईकडेच राहू द्या. बापाने पोराबरोबर एक गोष्ट धरावी. सायकल दुरुस्ती चालेल, तालमीत जाणं चालेल, रंकाळ्यावर फेरी चालेल.

दिवसाला आकार

पीटी, फॉलिन, ड्यूटी, रोल कॉल. वीस वर्षं दिवस आखून मिळालेला असतो. तो आखणारा हात गेला की सकाळचे अकरा आणि दुपारचे चार यात फरक राहत नाही. म्हणून घरी आल्यापासून पंधरा दिवसांच्या आत दिवसाला तीन खुंट्या ठोकायच्या: उठण्याची वेळ, अंग घामेजणारं एक काम, आणि घराबाहेर माणसांत जाण्याची एक वेळ.

आमच्याकडे दोन म्हशींनी हे केलं. धार सकाळी पाचला आणि संध्याकाळी पाचला, म्हैस सुट्टी देत नाही. दूध घालायला संस्थेत गेलं की पाच माणसं भेटतात, फॅट किती लागलं यावर बोलणं होतं. त्यापलीकडे कुणी काही विचारत नाही. सुरुवातीला एवढंच पुरे असतं. ज्यांच्याकडे जनावरं नाहीत त्यांनी तालीम धरावी, गावातल्या भरतीच्या पोरांना पळवावं. हे दुसरं काम अनेकांना मनापासून आवडतं, कारण पुन्हा शिट्टी हातात येते. मात्र त्यात एक धोका आहे. काही जण तिथेच अडकतात. मैदानावर उस्ताद, घरी आलं की पुन्हा शून्य.

नोकरीचं बोलायचं तर सिक्युरिटी गार्डची बारा तासांची रात्रपाळी पहिल्या वर्षात तरी टाळा. मुळात झोप बिघडलेल्या माणसाला रात्रभर जागं ठेवून पहारा करायला लावणं म्हणजे जखमेवरची खपली रोज काढणं. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना गट 'क' मध्ये १० आणि गट 'ड' मध्ये २० टक्के आरक्षण आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवून ठेवा. माजी सैनिकाचं ओळखपत्रही तिथूनच मिळतं आणि मुलांच्या शिष्यवृत्तीची चौकशीही तिथेच होते. मेस्को म्हणजे राज्याचं माजी सैनिक महामंडळ, तिथेही नोंदणी होते, पण तिथली बरीचशी कामं सुरक्षारक्षकाचीच असतात. दिवसपाळी मागून घ्या.

काय चालून जातं, काय चालत नाही

हॉटेलात भिंतीला पाठ लावून, दरवाजा दिसेल असं बसणं. रात्री दोनदा उठून कडी बघणं. हिंदीत बोलून जाणं. चादरीला सुरकुती दिसली की चिडणं. सिव्हिलमधली माणसं वेळ पाळत नाहीत म्हणून संतापणं. यात घाबरण्यासारखं काही नाही. महिन्यांत ओसरतं, काही आयुष्यभर राहतं आणि घराला त्याची सवय होते. आमच्याकडे चपला अजूनही एका रेषेत असतात.

लक्ष कुठे द्यायचं ते सांगते. जे झालं ते पुन्हा पुन्हा समोर उभं राहतं, स्वप्नात किंवा जागेपणी. त्याची आठवण येईल अशी माणसं, जागा, बातम्या तो टाळतो. अंग सतत ताणलेलं, थोड्या आवाजाने दचकणं, क्षणात भडकणं. आणि चौथं, जे सगळ्यात उशिरा लक्षात येतं, ते म्हणजे आतून बधिर होणं. बहिणीचं लग्न असो की पोराचा निकाल, चेहऱ्यावर काही उमटत नाही. एखाद्या भयंकर अनुभवानंतर हे सगळं महिन्याहून जास्त टिकलं आणि त्यामुळे रोजचं जगणं अडायला लागलं, तर ती आघातानंतरच्या ताणाची विकृती असू शकते. तिला उपचार आहेत. ती घटनेनंतर लगेच दिसेल असंही नाही. फौजेत असताना आजूबाजूला पलटण असते, काम असतं, म्हणून ती दबून राहते. घरी शांत झाल्यावर वर येते. लोक म्हणतात, "तिकडे असताना तर ठीक होता, घरी येऊन काय झालं?" तर हेच झालं.

पण प्रत्येक उदास फौजीला हाच आजार असतो असं धरून चालू नका. माझ्या पाहण्यात साधं नैराश्य आणि दारू यांचीच प्रकरणं जास्त आली. लढाई पाहिलीच नाही, आयुष्यभर स्टोअर सांभाळलं, अशा माणसालाही पलटण सुटल्याचं दुःख होतं. त्याला तर बोलायचीही लाज वाटते, कारण "मी कुठे कारगिलला होतो?" असं त्याला वाटतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास, कशातच रस नाही, जेवण-झोप बिघडलेली, असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवायचं. कारण शोधत बसायचं नाही.

आता आवाजाचं. दिवाळीचे फटाके सगळ्यांना सुचतात. आमच्याकडे घोटाळा केला तो पाचटाने. ऊस तुटून गेला, शेजारच्या रानात संध्याकाळी पाचट पेटवलं. तो तडतडाट आणि धूर तुम्ही ऐकला-पाहिला असेल. ह्यांनी मुलाला खेचून बांधाआड पाडलं. मुलाचा हात खरचटला. त्यानंतर दोन दिवस हे कुणाशी बोलले नाहीत. भीतीपेक्षा लाज जास्त होती.

तेव्हापासून आम्ही वेळापत्रक ठेवतो. आजूबाजूच्या रानाचा ऊस कधी जाणार, पाचट कधी पेटणार हे विचारून ठेवायचं. विसर्जनाच्या दिवशी महाद्वार रोडला जायचं नाही, डॉल्बीची छातीत बसणारी धडधड घराच्या भिंतीतूनही येते, म्हणून त्या रात्री बहिणीच्या गावी. २६ जुलै, म्हणजे कारगिल विजय दिवस, जवळ आला की टीव्हीवर दिवसभर तेच असतं, त्या आठवड्यात मी उगाच भांडण काढत नाही. आणि तसा क्षण आलाच तर पाठीमागून जाऊन हात लावायचा नाही. समोर, दोन हात लांब उभं राहून साध्या आवाजात नाव घ्यायचं, "तुम्ही घरी आहात, हा आपला गोठा, आज मंगळवार," असं सांगायचं. पाय जमिनीवर दाबायला सांगायचे, गार पाणी हातात द्यायचं. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं लांब ठेवायला लावायचं. पाच-दहा मिनिटांत उतरतं.

तरीही कायम टाळत राहणं हा उपाय होत नाही. टाळलेल्या गोष्टींची यादी वाढत जाते आणि माणूस चार भिंतींत येतो. टाळणं फक्त उपचार सुरू होईपर्यंतच्या काळापुरतं.

बोलायचं कसं

जेवताना समोरासमोर बसवून "काय झालंय तुम्हाला?" विचारलं तर उत्तर येतं, "कुठं काय." हातात काम असताना, शेजारी शेजारी बसून बोलणं निघतं. गाडीवर मागे बसून, गवत कापताना, शेंगा फोडताना. काय घडलं ते विचारू नका, काय होतंय ते विचारा. "तिकडे काय झालं होतं?" याऐवजी "रात्री किती वाजता जाग येते?"

पोरांना आणि पाहुण्यांना बजावून ठेवा, 'माणूस मारलाय का कधी?' हा प्रश्न विचारायचा नाही. विचारतात हो. हळदीच्या मांडवात विचारतात.

ह्यांनी घालायला लावलेलं वाक्य इथलं आहे. "लिही, की 'विसरून जा' म्हणू नका. तिथं जी पोरं राहिली त्यांना विसरायचं कसं?"

पलटणीतला एक तरी मित्र जवळ हवा. बायकोला जे सांगता येत नाही ते त्याला सांगता येतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सुप्रभात टाकणारे पन्नास जण असतात, त्यातला फोन उचलणारा एक शोधा आणि त्याचा नंबर घरच्यांकडेही असू द्या.

कॅन्टीनची बाटली

यावर थोडं जास्त लिहिते, कारण आपल्या भागातली घरं इथेच बुडतात. फौजी कॅन्टीनमधून दर महिन्याला ठरलेल्या कोट्याची दारू स्वस्तात मिळते. ती घरात ठेवणं हा मान असतो. पाहुण्याला द्यायची, काम करून घ्यायचं असेल तर साहेबाला द्यायची. फौजेत रम थंडीत, बडा खान्यात, सगळ्यांबरोबर आणि मोजून होती. घरी ती एकट्याची होते. आणि तिचं पहिलं निमित्त जवळजवळ नेहमी झोप असतं. दारूने झोप लागते हे खरं, पण मध्यरात्रीनंतर ती झोप तोडते आणि दुसऱ्या दिवशीची घालमेल वाढवते. मग उद्या थोडी जास्त.

कोटा उचलायचाच नाही, असं आम्ही ठरवलं. गावात चर्चा झाली. होऊ दे.

रोज भरपूर पिणारा माणूस एका दिवसात बंद करणार असेल तर थांबवा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शपथ घालून, माळ घालून, देवापुढे उभं करून एकदम बंद केलेली दारू जिवावर बेतू शकते. शेवटच्या पिण्यानंतर काही तासांत हात थरथरायला लागतात, घाम सुटतो; पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते; दोन-तीन दिवसांनी माणूस भ्रमात जाऊन नसलेलं दिसायला-ऐकायला लागतो. ही तातडीची वेळ आहे, बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे नेऊ नका. इस्पितळात औषधांच्या आधाराने आणि 'ब-१' जीवनसत्त्व देऊन हे सुरक्षितपणे पार पाडता येतं.

दुसरं, चहातून किंवा भाजीतून गुपचूप द्यायचं 'दारू सोडवायचं औषध' घेऊ नका. डायसल्फिरामसारखं औषध पोटात असताना माणूस प्यायला तर छाती भरून येते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ते औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला सांगूनच द्यायचं असतं. माझ्याकडे आलेल्या तीन आयांनी ते लपवून दिलेलं होतं. तिघींनाही कुणीतरी 'काही होत नाही' म्हणून सांगितलेलं.

डॉक्टरकडे

"वेड्याच्या डॉक्टरकडे मी येणार नाही." हे वाक्य येणार, तयारी ठेवा. खोटं बोलून नेऊ नका, तिथल्या पाटीवर सगळं लिहिलेलं असतं आणि मग दुसऱ्यांदा तो तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. झोपेपासून सुरुवात करा. झोप बिघडली आहे हे कुणीही कबूल करतं.

पहिला दरवाजा ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा. कार्ड तयार असेल तर पॉलिक्लिनिकमध्ये वैद्यकीय अधिकाऱ्याला झोप, चिडचिड, दारू, जे असेल ते सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल मागा. मागावं लागतं, कधी कधी आग्रहाने. थायरॉइड, बी-१२, शुगर, रक्तदाब, कान हेही एकदा बघून घ्या. घोरणं फार असेल तर तेही सांगा, कारण झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला दिवसभर उदास आणि चिडल्यासारखं होतं. अगदी तातडीची वेळ असेल तर रेफरलची वाट न पाहता पॅनेलवरच्या रुग्णालयात थेट जाता येतं. पॅनेलवर नसलेल्या ठिकाणी न्यावं लागलं तर दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा.

दुसरा दरवाजा सीपीआर, म्हणजे आपलं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. तिथे मानसोपचार विभाग आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जा. लांबचा माणूस असेल तर तिसरा दरवाजा फोनचा: टेलि-मानस, १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सेवा सुरू झाली. पुढे पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात फौजी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी तिचा वेगळा कक्षही उघडला. घरच्या माणसानेही फोन केला तरी चालतो. मी पहिला फोन गोठ्यातून केला होता, कुजबुजत.

जाताना एका कागदावर लिहून न्या: झोप किती तास, स्वप्नं किती वेळा, दारू किती, डोक्याला मार किंवा स्फोट कधी, आधीची औषधं कोणती. दहा मिनिटांत तोंडी आठवत नाही.

उपचार दोन प्रकारचे. बोलण्याचे आणि गोळ्यांचे. आघाताच्या ताणावर त्या घटनेवरच नेमकं काम करणाऱ्या बोलण्याच्या उपचारपद्धती आहेत. 'तुमच्याकडे कोणती थेरपी मिळते, किती बैठका?' असं विचारा. नैराश्य आणि ताणावरच्या सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळतं, म्हणून निम्मी माणसं तिथेच सोडतात. आणि बरं वाटायला लागलं की उरलेली सोडतात. दोन्ही वेळा डॉक्टरांना न विचारता बंद करायच्या नाहीत.

नुसत्या झोपेच्या गोळ्यांवर महिनोन्‌महिने राहू नका. आम्हाला एका ठिकाणी सहा महिने तेवढीच गोळी लिहून दिली. ह्यांना तिची सवय लागली आणि सुटायला आणखी तीन महिने गेले.

'नोंद होईल, पोराच्या भरतीला अडेल' ही भीती फार ऐकते. बापाच्या औषधाची चिठ्ठी पोराच्या भरतीत कुणी बघत नाही. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

ज्या रात्रीची भीती वाटते

"मी नसलो तर तुम्हा सगळ्यांचं बरं होईल." पेन्शनचे कागद एकाएकी नीट लावून ठेवणं. पोराला घड्याळ काढून देणं. खूप दिवसांच्या घुसमटीनंतर अचानक शांत होणं. असं काही दिसलं तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर कसा, कधी, हेही विचारा. एकट्याला सोडू नका आणि त्याच दिवशी दाखवा. रात्र असेल तर १४४१६, हाताबाहेर जातंय असं वाटलं तर ११२ किंवा १०८.

घरातली साधनं आधी हलवा. आपल्याकडे दोन असतात, परवान्याची बंदूक आणि फवारणीचं औषध. बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येते. निवडणुकीत जमा करतोच की आपण, तसंच. औषधाचे डबे रानातल्या खोपीतही नकोत, भावकीत कुणाच्या तरी कुलपात ठेवा. तो विचार जोर धरतो तो वेळ बऱ्याचदा थोडाच असतो, तेवढा वेळ साधन हाताशी नसलं की जीव वाचतो. औषध पोटात गेलंच तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका, डबा बरोबर घेऊन थेट इस्पितळ गाठा. पोलीस केसच्या भीतीने कुणी घरात थांबू नये. त्याच २०१७ च्या कायद्यात असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानलं जातं आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर आहे.

हात उगारला गेला, तर मात्र 'आजारी आहेत' म्हणून सहन करत बसू नका. तुम्ही आणि पोरं आधी बाहेर, उपचार नंतर. मी एकदा माहेरी गेले होते, आठ दिवस. ह्यांनी काढायला लावलेली दोन वाक्यं इथली होती, म्हणून एवढंच.

चार वर्षांनी परतणारी पोरं

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली. पहिल्या तुकडीतली पोरं २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेली. चार वर्षांनी त्यातली जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार, बाकीची बाविशी-पंचविशीत घरी. हातात सेवा निधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार, पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. वर लिहिलेलं बरंचसं त्यांनाही लागू आहे, पण दरवाजे दोनच: सीपीआर आणि १४४१६. आणि त्यांच्या मनाला लागणारं टोचणंही वेगळं. हवालदार 'सेवा करून आला', हा 'परत पाठवला' असं गावात बोललं जाणार. कुणी तसं बोलत असेल तर तिथल्या तिथे अडवा. आलेला पैसा पहिल्या सहा महिन्यांत गाडीवर आणि लग्नावर उडवू देऊ नका, आणि 'पुढे काय' हा प्रश्न रोज जेवणात वाढू नका. पंधरा दिवसांतून एकदा विचारला तरी पोहोचतो.

आमच्या शेजारचा एक जण त्यातलाच आहे. त्याची आई परवा विचारत होती, आल्यावर काय करू. मी म्हटलं, पहिले साठ दिवस खाऊ घाल, आणि एकसष्टाव्या दिवशी पहाटे आमच्या गोठ्यात पाठव. ह्यांनी आत्तापासूनच एक म्हैस त्याच्या नावावर लावलीये. पोरगं लहानपणापासून म्हशीला भितं, ते सोडून.